आबा आणि दोन लिफ्टर

आमच्या घराजवळच्या कॉलेजच्या मैदानाला लागून बबनची चहाची टपरी आहे. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास बबनचा मोबाइल वाजायचा. तो फोन उचलायचा, स्पीकर लावायचा आणि स्टीलच्या रिकाम्या पेल्यात उभा करून ठेवायचा. पेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, हा शोध त्याचाच. मग पेल्यातून आबा खैरनार बोलायला लागायचे.

"कोण कोण आलंय?"

"मी आहे, रफिकभाई आहेत, चित्रकलेचे सर आहेत," बबन सांगायचा. चित्रकलेचे सर म्हणजे मी. सकाळची शाळा असल्यामुळे पाच वाजता मी मोकळा असतो. रफिकभाई शिंपी. मूळचे मालेगावचे, पण दुकान तीस वर्षं इथंच, टपरीला खेटून.

"मग सुरू करा. काल अनिकेत चांगला खेळला, असं कोण म्हणत होतं?"

"मैं बोल रहा था," रफिकभाई पेल्याकडे तोंड करून म्हणायचे, "आणि आजही बोलतो. लाजवाब खेळला."

"लाजवाब म्हणजे किती फूट? आकडा सांगा. आधी आकडा सांगा, मग भांडू."

आणि आम्ही सगळे माना वर करून रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे बघायचो. तिथं गॅलरीत, लोखंडी जाळीच्या आड, बनियनवर मफलर गुंडाळून आबा बसलेले असायचे. जाळीतून हात बाहेर काढून ते आमच्याकडे बोट रोखायचे. बोट आधी दिसायचं, शब्द पेल्यातून क्षणभर उशिरा यायचे.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. आबा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. पाच वाजले की आमच्यापैकी कुणीतरी अजून वर बघतं.

आबा सटाण्याकडचे. नोकरी सरकारी मोजणी खात्यात. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात साखळी आणि फळी घेऊन त्यांनी उभी हयात पायी काढली. शहरात आल्यावर भाषा आमच्यासारखीच बोलायचे, पण चिडले की अहिराणी उसळून यायची. 'काय शे हे?' असं पेल्यातून आलं की बबन आवाज जरा कमी करायचा.

मोजायची सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. 'जवळ', 'लांब', 'बरंच' हे शब्द त्यांना चालत नसत. आमच्या जिन्याला चौपन्न पायऱ्या आहेत हे मला त्यांच्याकडून कळलं. प्रत्येक पायरी पावणेसात इंच, पण पहिल्या मजल्याच्या वाटेवरची तिसरी साडेसात. "गवंड्यानं गडबड केलीय. जपून उतरत जा, सर." त्या जिन्यावरून मी अकरा वर्षं उतरत होतो आणि त्या पायरीला का अडखळतो ते मला कधी समजलं नव्हतं.

त्यांच्या हट्टाची एक गोष्ट ते स्वतःच सांगायचे. डोंगरातल्या एका गावात दोन भावांच्या बांधाचं भांडण होतं. आबांनी मोजणी केली आणि हद्दीचा दगड थोरल्याच्या शेतात दोन हात आत आला. थोरला गोड बोलला, चहा पाजला, शाळेच्या खोलीत नकाशा काढायला बसवलं आणि बाहेरून कडी घातली. "दगड सरकवतो म्हणा, मग कडी काढतो," असं दाराबाहेरून सांगितलं. सकाळी दहाची वेळ. आबा नकाशा उशाला घेऊन झोपले. तासातासाला थोरला दार वाजवायचा आणि आबा आतून म्हणायचे, "दगड तिथंच आहे." दुपार टळल्यावर त्या थोरल्याच्या बायकोनंच येऊन कडी काढली. हातात भाकरी होती. नवऱ्याला म्हणाली, "माणूस उपाशी मेला तर दगड कुनाच्या उरावर ठिवशील?"

"मग?" आम्ही विचारायचो.

"मग काय. भाकरी खाल्ली. दगड तिथंच आहे, आजसुद्धा."

अशा माणसाचा पाय मोरीत घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, महिनाभरानं हळूहळू जिना उतरायला लागा. मुलगा नितीन आणि सून सारिका त्यांना धरून घेऊन निघाले. माझ्या दारासमोरच्या वळणावर आबांना भोवळ आली, ते मटकन खाली बसले. त्यांना उचलून परत वर न्यावं लागलं. त्यानंतर ते उतरले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "लिफ्ट बसली की येतो." आमच्या सोसायटीच्या दर बैठकीत लिफ्टचा विषय निघतो आणि चहा आला की संपतो.

नितीन सातपूरच्या कारखान्यात, शिफ्ट ड्यूटीवर. सारिका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. आबांना घरी एकटं ठेवता येईना म्हणून तिनं ती नोकरी सोडली. दिवसभर घरात दोघंच. एक स्वयंपाकघरात, एक गॅलरीत.

त्या गॅलरीसमोरच कॉलेजचं व्हॉलीबॉलचं मैदान. लाल मातीचं, कडेला दोन सिमेंटचे बाक. योगायोग असा, की आबांच्या खुर्चीतून बघितलं तर नेटचे दोन्ही खांब एकामागे एक, एकच खांब असल्यासारखे दिसायचे. म्हणजे चेंडू नेटपासून किती आत वर गेला हे त्यांना जितकं स्वच्छ दिसायचं तितकं पंचालाही दिसत नसेल. मोजणीवाल्याला आणखी काय हवं? त्यांनी जाळीला रंगीत दोरे बांधले. एक लाल, नेटच्या रेषेत. मग पिवळा, हिरवा, निळा. डावा डोळा मिटून बघायचं. चेंडू लाल आणि पिवळ्याच्या मध्ये असेल तर एवढे फूट, पिवळ्याच्या बाहेर गेला तर एवढे. मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे ही युक्ती माझ्या लगेच लक्षात आली आणि त्या दिवसापासून आबांनी मला आपल्यातला मानलं.

यात खुर्ची जराही हलून चालत नसे. चार पायांखाली त्यांनी फरशीवर रंगाचे ठिपके काढून घेतले होते. एका संध्याकाळी पेल्यातून आवाज आला, "आज सगळेच बिघडलेत. एकाचाही चेंडू जागेवर नाही. कॉलेजच्या सरांना सांगा, पोरांना काहीतरी झालंय." आम्ही बुचकळ्यात पडलो, कारण पोरं नेहमीसारखीच खेळत होती. थोड्या वेळानं मागून सारिकाचा आवाज आला, "आबा, मी फरशी पुसली आज. खुर्ची ठिपक्यांवर ठेवायची राहिली." पेल्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "पोरं ठीक आहेत. सांगू नका काही."

आमचं भांडण होतं ते लिफ्टरवरून. व्हॉलीबॉलमध्ये दुसरा हात ज्याचा लागतो तो लिफ्टर. तो चेंडू नेटजवळ उंच ठेवून देतो आणि मग स्मॅशर उडी मारून तो पलीकडे हाणतो. लोकांना स्मॅश दिसतो, पण सगळा खेळ लिफ्टरच्या बोटांत असतो. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधला माणूस लिफ्टरवर बोलतोय, हा विनोद रफिकभाई आठवड्यातून एकदा करायचे आणि आबा प्रत्येक वेळी मनापासून हसायचे.

त्या वर्षी कॉलेजकडे दोन लिफ्टर होते. अनिकेत शेवटच्या वर्षाला, कॅप्टन, उंच, देखणा. पाठीमागे चेंडू देणं, मध्येच फसवून स्वतःच पलीकडे टाकणं, असली कामं करायचा आणि प्रत्येक गुणानंतर सगळ्यांच्या पाठीवर थाप मारत मैदानभर फिरायचा. दुसरा काशिनाथ, पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचा, दुसऱ्या वर्षाला. बुटका, सडपातळ. मान खाली घालून यायचा, खेळायचा, मान खाली घालून जायचा. त्याचा आवाज आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता.

रफिकभाई आणि बबन अनिकेतचे. आबा काशिनाथचे.

"अहो, अनिकेत म्हणजे जान आहे टीमची," रफिकभाई म्हणायचे.

"जान म्हणजे काय? चेंडू एकदा एक फुटावर, एकदा अडीच फुटावर, एकदा नेटमध्ये. हाऊ काशिनाथ बघा. सव्वा फूट. दहा वेळा बघा, सव्वा फूट. स्मॅशरनं डोळे मिटून मारावं."

"डोळे मिटून कोण खेळतं, आबा?"

"तुम्ही. तुम्ही डोळे मिटूनच बघताय."

हे महिनोन्महिने चाललं. कॉलेजची पोरंही टपरीवर यायची, ऐकायची. तिसऱ्या मजल्यावरचे आबा 'सव्वा फूट' म्हणतात, हे मैदानावर पोचलं. कुठल्याही भांडणात आमच्याकडे मतं होती आणि आबांकडे आकडा होता. साहजिकच त्यांचं वजन वाढत गेलं. सहा वाजता रफिकभाई दुकान आवरायला जायचे, मी भाजी घ्यायला जायचो, पोरं होस्टेलवर जायची. फोन बंद करताना आबा दरवेळी म्हणायचे, "निघालात? बरं, निघा." आम्ही पांगलेले त्यांना वरून दिसत असणार.

विभागाच्या फायनलला आमचं कॉलेज पोचलं आणि आठवड्याभरानं कॉलेजचे क्रीडाशिक्षक महाजन सर जिना चढून आबांकडे आले. मी तिथंच होतो. सर दमले होते, नुसते जिन्यानं नाही.

"आबा, तुम्ही इथून काय बघता ते मला एकदा दाखवा."

आबांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः वॉकर धरून मागे उभे राहिले. "डावा डोळा मिटा. लाल दोरा नेटवर आणा. आता बघत बसा." खाली सराव चालू होता. वीस मिनिटं सर बघत बसले. मग म्हणाले, "बाप रे."

"दिसलं?"

"दिसलं." ते उठले. "प्राचार्य म्हणतात अनिकेत, स्मॅशर म्हणतात अनिकेत, सगळी टपरी म्हणते अनिकेत. माझ्या मनात काशिनाथ होता, पण एकट्याच्या मनात. कुणीतरी दुसरं म्हणायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी फायनलसाठी काशिनाथचं नाव जाहीर झालं. "आबा, जीत गये आप," रफिकभाई पेल्याला म्हणाले. त्या संध्याकाळी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. त्यात सारिकानं तळलेली गरम भजी होती. वरून आबा आम्हांला खाताना बघत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

फायनलला चार दिवस राहिले असताना मी त्यांना पेपर द्यायला वर गेलो होतो, आणि दारात हेल्मेट हातात घेऊन अनिकेत उभा राहिला.

"आबा, मी भांडायला नाही आलो."

"मग बस."

तो बसला नाही. "तुम्ही कधी खाली येऊन बघितलंय?"

"मला इथून दिसतं."

"चेंडू दिसतो. विकी दिसतो का?" विकी म्हणजे त्यांचा मुख्य स्मॅशर. "विकीनं लागोपाठ दोन चेंडू बाहेर मारले ना, की त्याचे हात गार पडतात. खरंच गार, मी धरून बघितलेत. मग तिसरा चेंडू द्यायच्या आधी त्याच्याशी काहीतरी बोलावं लागतं. शिवी चालते, विनोद चालतो, काहीपण. काशिनाथ बोलत नाही. त्याचा चेंडू माझ्यापेक्षा चांगला असतो, मला माहितीये. पण विकी तो मारतच नाही, हात आखडता घेतो."

आबांनी विचारलं, "मग हे सरांना सांग ना."

"मी सांगितलं तर मी माझ्यासाठी बोलतोय असं होतं. तुम्ही सांगितलं की ती मोजणी होते."

आबांनी मैदानाकडे बघितलं. अनिकेतचा आवाज खाली आला. "एकदा या खाली. अर्धा तास. मी आणि पोरं खुर्चीतून नेतो तुम्हांला, जराही धक्का लागू देणार नाही. बघा, आणि मग म्हणा काय म्हणायचं ते."

"नको."

"का पण?"

"लिफ्ट बसली की येईन."

अनिकेतनं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि तो गेला. सारिका हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"नको का म्हणालात? पोरं नेत होती की."

"तुला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं?" ती एरवी मोठ्यानं बोलत नसे. "चौदा महिने तुम्ही या घरात अडकलात, सगळी कॉलनी विचारते, आबा कसे आहेत. मीही चौदा महिने इथंच आहे, आबा. मी भाजी आणायला जाते तेवढाच माझा बाहेरचा वारा. तुम्ही एकदा जरी जिना उतरला असतात तर मला वाटलं असतं, चला, कधीतरी संपेल हे."

मी पेपर ठेवला आणि निघालो. दारातून वळून बघितलं तर आबा मैदानाकडे तोंड करून बसले होते. मैदानावर कुणीही नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी महाजन सरांना फोन केला. ते मला नंतर सारिकानं सांगितलं. "माझी मोजणी अपुरी होती," असं आबा म्हणाले. सर म्हणाले, "आता नाही, आबा. तुम्हीच मला पटवलंत. आता मी फिरलो तर त्या काशिनाथनं काय समजायचं?"

त्यांचंही चूक नव्हतं.

फायनल शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या हॉलमध्ये होती. बबन टपरी बंद करून गेला, रफिकभाईही गेले. मी आबांजवळ थांबलो. बबन फोनवरून सांगत होता आणि मागच्या गोंगाटात त्याचं निम्मं ऐकू येत नव्हतं.

"काशिनाथचा चेंडू कुठं पडतोय? किती फूट?"

"अहो आबा, या गर्दीत कसले फूट! विकीनं बाहेर मारला. परत बाहेर."

पहिला सेट गेला. दुसराही गेला. फोनमधून आरडाओरडा ऐकू यायला लागला, "अनिकेत! अनिकेत!" सगळा हॉल ओरडत होता. मग सरांनी काशिनाथला बाहेर घेऊन अनिकेतला उतरवलं. तिसरा सेट आपण जिंकला आणि रफिकभाईंचं ओरडणं आम्हांला वेगळं ओळखू आलं. चौथा गेला. मॅच संपली.

"बबन, काशिनाथ कुठं आहे?"

"बाकावर बसलाय. डोक्यावरून टॉवेल घेतलाय."

पलीकडून बबन हॅलो हॅलो करत राहिला, मग मीच फोन बंद केला.

टपरीवर भांडण मिटलं नाही, उलट वाढलं. पहिल्यापासून अनिकेत असता तर, असं निम्मे म्हणायचे. काशिनाथला मध्येच काढायला नको होतं, असं दुसरे. आबा या भांडणात पडत नव्हते, पण फोन लावायचे आणि ऐकत राहायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काशिनाथ होस्टेलकडून टपरीसमोरून चालला होता. भिंतीवर बसलेल्या पोरांपैकी एकजण ओरडला, "ए सव्वा फूट! चहा पितो का?" आणि सगळे हसले. ते हसणं पेल्यातल्या फोनमध्ये गेलं. बबननं घाईनं फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मी वर बघितलं. आबा उठायचा प्रयत्न करत होते. फोन कट झाला.

त्यानंतर पाच वाजता फोन आला नाही. गॅलरीत खुर्ची दिसायची, तीही रिकामी.

असा आठवडा गेला असेल. एका संध्याकाळी बबननंच त्यांना फोन केला. "आबा, काशिनाथ बॅग घेऊन आलाय. होस्टेल सोडलं म्हणतो. साडेसहाच्या गाडीनं गावाला निघालाय."

"थांबव त्याला."

"वर पाठवू?"

"नको. मी येतो."

मी घरात वह्या तपासत होतो. जिन्यात धप्प, मग थोडी शांतता, मग पुन्हा धप्प, असा आवाज यायला लागला. दार उघडून बघितलं. आबा पायरीवर बसले होते. दोन्ही हात मागं टेकून खालच्या पायरीवर सरकायचे, पाय पुढं घ्यायचे, पुन्हा सरकायचे. मागून सारिका वॉकर उचलून घेऊन एकेक पायरी उतरत होती. तिनं मला डोळ्यांनी खूण केली, काही बोलू नका.

माझ्या दारासमोरच्या वळणाशी आबा थांबले. कठडा घट्ट धरला. बोटं पांढरी पडली होती, कपाळावर घाम होता. मी हात पुढं केला तर त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"सर, लोकांना वाटतं माझे पाय गेलेत. पाय ठीक आहेत." मग आवाज एकदम बारीक झाला. "माले भ्याव वाटस."

सारिका वरच्या पायरीवर बसली. "आबा, हे आधी का नाही सांगितलं?"

"आयुष्यभर डोंगरात फिरलो मी. सुनेला काय सांगू, जिन्याची भीती वाटते?"

तिनं वॉकर भिंतीला लावला, खाली आली आणि त्यांच्या शेजारी बसली. तेवढ्यात खालून पावलं वाजली. बॅग खांद्याला लावलेला काशिनाथ वर येत होता. बबनला तो थोपवता आला नव्हता. आबांना तसं बसलेलं बघून तो जागच्या जागी थांबला.

"आबा, काय करताय हे?"

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तुला भेटायला येतोय."

"मी आलो ना वर."

"मी खालीच येणार."

काशिनाथनं बॅग माझ्या दाराशी टेकवली. मग तो त्यांच्या खालच्या पायरीवर, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि आबा एक पायरी सरकले की तोही उलटा एक पायरी उतरायचा. खाली पोचायला आम्हांला पंचवीस मिनिटं लागली. वॉकर घेऊन आबा रस्ता ओलांडून टपरीवर आले तेव्हा रफिकभाई दुकानातून गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आले. बबननं स्टूल पुसून दिलं.

"देखो बेटा," रफिकभाईंनी काशिनाथला समजवायला सुरुवात केली, "हार-जीत तो..."

आबांनी त्यांना हातानं थांबवलं. "वर्षभर आपण या पोराबद्दल बोललो. याला कुणी काही विचारलं? मीही नाही." मग ते काशिनाथकडे वळले. "तू सांग."

"काय सांगू?"

"काय झालं ते."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग बोलला. हळू, तुकड्यातुकड्यानं, आणि आमच्याकडे न बघता.

"पहिल्या महिन्यात मी चेंडू मागाय हाक मारली तं समदे हासले. माझ्यासारखं बोलून दाखवाय लागले. मंग मी बोलाचंच सोडलं. चेंडू ठेवता येतो माला. हाक मारता येत नाय." तो थांबला. "तुमी माझं नाव घेतलं, माला बरं वाटलं. लय बरं वाटलं. पन फायनलला मी नको व्हतो, आबा. विकी माझ्याकडं बघतच नव्हता. माला ठाव व्हतं. सरांला सांगाचं व्हतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुमी एवढं मोजलं व्हतं."

बबन गाळणी हातात धरून तसाच उभा होता.

"माझं चुकलं," आबा म्हणाले.

काशिनाथनं मान हलवली. म्हणजे हो की नाही ते मला कळलं नाही. आबांनी विचारलं, "काय हाक मारायचास तू?" तो म्हणाला, "जाऊ द्या." आबांनी पुन्हा विचारलं नाही. मग काशिनाथ कितीतरी वेळ बोलत राहिला. त्याच्या पाड्यावर दगडांच्या खळ्यावर दोरी बांधून कसे खेळायचे, मोठा भाऊ स्मॅश कसा मारायचा, पहिल्यांदा खरा चेंडू हातात आला तेव्हा तो किती हलका वाटला. काही शब्द आम्हांला कळले नाहीत. कुणी हसलं नाही. साडेसहाची गाडी त्यातच निघून गेली, आणि तो साडेसातच्या गाडीनं गेला.

परीक्षेला तो परत आला. मी ते आबांना फोनवर सांगितलं. तोवर खैरनार मंडळी आमच्या इमारतीत नव्हती. नितीननं कारखान्याजवळ तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि सारिका पुन्हा लॅबमध्ये जायला लागली होती. हे आबांनीच सुचवलं, असं ती म्हणाली. नव्या घरासमोर कंपाउंडची भिंत होती. बघायला काही नव्हतं.

"खेळतो का?" आबांनी विचारलं.

"येतो मैदानावर."

"बोलतो?"

"कमीच. पण काल एकदा मोठ्यानं ओरडलेला ऐकला."

"काय ओरडला?"

"ते कळलं नाही."

"बरं," आबा म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "बरं झालं."

त्यानंतर एका रविवारी सकाळी मी त्यांना भेटायला निघालो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कारखान्यांकडे जाणारा मोठा रस्ता आहे, सुट्टीच्या दिवशीही ट्रक चालू असतात. मी रिक्षातून उतरलो आणि समोरच्या कडेला आबा दिसले. एकटे. वॉकर धरून रस्त्याच्या काठाशी उभे. एक पाय डांबरावर ठेवायचे, ट्रक गेला की मागं घ्यायचे. पुन्हा ठेवायचे. मी हाक मारणार होतो, पण हाकेनं ते वळले असते आणि वळताना तोल गेला असता, म्हणून थांबलो. चार-पाच वेळा असं झालं. मग दोन ट्रकच्या मध्ये थोडी जागा सापडली आणि आबांनी वॉकर पुढं टाकला. रस्त्याच्या मध्यावर एका टेम्पोवाल्यानं ब्रेक मारून जोरात हॉर्न वाजवला. आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. खाली डांबराकडे बघत, एकेक पाऊल टाकत ते माझ्या बाजूच्या कडेला पोचले. मी काही पावलांवर होतो, पण मध्ये उसाच्या रसाची गाडी होती. ते क्षणभर धापा टाकत उभे राहिले. मग बसस्टॉपच्या दिशेनं निघाले, आणि माझा पाय काही केल्या उचलेना. इतक्या दिवसांनी हा माणूस एकटा कुठंतरी निघाला होता, त्याला अडवून काय म्हणायचं होतं मला?

पुढच्या रविवारी बबन आणि रफिकभाईंना घेऊन येऊ, असं मी ठरवलं. ते जमलं नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही जमलं नाही. आबा त्या पावसाळ्यात झोपेतच गेले.

रस्ता ओलांडला त्या रविवारी ते बसच्या पायरीशी थांबलेले मी बघितले. वॉकर मिटवायची त्यांची धडपड चालली होती. कंडक्टर खाली उतरायला निघाला तर आबांनी मान हलवली. वॉकर एकदाचा मिटला. त्यांनी तो आधी आत सरकवला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि वर चढले. बस हलली तेव्हा मागच्या काचेतून त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. बसायला जागा मिळाली नव्हती. ते उभेच होते.